चेहऱ्याचं पाणीवाटप

माझ्या चेहऱ्यावर विद्वत्तेचं तेज आहे अशी माझी समजूत होती. ते तेज नसून तेल आहे, हे मुलुंडच्या पुतणीनं सांगितलं. वर म्हणाली, "काका, तुमची स्किन ऑयली आहे, पण डिहायड्रेटेडपण आहे." एकाच चेहऱ्यावर पूर आणि दुष्काळ! शहापूर तालुक्यातल्या माणसाला खरं तर याचं नवल वाटायला नको. पावसाळ्यात इथं छत्री टिकत नाही आणि एप्रिलमध्ये हंडा भरत नाही.

मग तिनं शिकवणी घेतली. त्वचेत पाणी आणणं म्हणजे हायड्रेशन. ते काम ग्लिसरीनचं नाहीतर हायलुरॉनिक ॲसिडचं. आलेलं पाणी उडून जाऊ न देणं म्हणजे मॉइश्चरायझिंग. त्यासाठी तेल, लोणी, व्हॅसलीन. मी म्हटलं, दोन्ही एका बाटलीत मिळत नाही का? मिळतं म्हणे, साध्या क्रीममध्येही बहुधा दोन्ही असतं. पण दोन बाटल्या घेतल्या की माणूस त्वचेबद्दल गंभीर आहे हे सिद्ध होतं. मला गंभीर दिसायला फार आवडतं. घेतल्या.

हायलुरॉनिक ॲसिडचं सीरम लावून बाजारात गेलो. भाजीवाल्या मावशींनी काळजीनं विचारलं, "सर, घाम लय आला का?" मी मान डोलावली. हायलुरॉनिक ॲसिड 1934 साली गाईच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळं काढलं, हे त्यांना मेथीच्या जुडीवर सांगण्यात अर्थ नव्हता.

या ॲसिडची एक खोड मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. हवेत ओलावा असला तर ते तिथून पाणी घेतं. हवा कोरडी असली आणि वरून क्रीमचं झाकण नसलं, की त्वचेच्या खालच्या थरांतलं पाणी वर ओढतं आणि तेही उडून जातं. हे कळल्यावर मला पहिली आठवण मुंबईची झाली. 1892 साली बांधलेलं तानसा धरण आमच्या तालुक्यात. भातसाही आमच्याच तालुक्यात, आणि मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. जाडजूड नळांतून ते पाणी खाली जातं, तिथं बादल्या भरतात, गाड्या धुतात, शॉवरखाली गाणी होतात. इकडे कसारा-खर्डीच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत उन्हात बसलेल्या असतात. धरणासाठी जमीन इथली गेली, झाडं इथली बुडाली. मुंबईनं तहानलेलं राहावं असं माझं म्हणणं नाही. पण धरणाच्या सावलीत राहणाऱ्या बाईला हंडाभर पाण्यासाठी टेकडी उतरावी लागते, याला कुठला शास्त्रीय शब्द आहे तो पुतणीनं सांगावा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या टाचांना उन्हाळ्यात भेगा पडतात. रात्री त्या भेगांत त्या मोहाच्या बियांचं तेल जिरवतात. थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं. मी उत्साहानं सांगितलं, "ताई, तेल लावायच्या आधी पाय दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवत जा." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की सीरमसकट माझं सगळं तेज उतरलं. "सर, तेल घरचं हाय. बुडवायला पानी तुमी आना."

म्हणजे मॉइश्चरायझिंगच्या बाबतीत आमचा तालुका स्वयंपूर्ण आहे. हायड्रेशन तेवढं मुंबईला जातं. पुतणीच्या गालांवरची चमक मी आता हिशेबाच्या नजरेनं बघतो. तिच्या नळाला भातसाचं पाणी असेल, तर त्या चमकेत आमच्या तालुक्याची भागीदारी आहे. ती मागण्याइतका मी कोता नाही. दोन बाटल्यांचं बिल मात्र तिच्याकडे पाठवलं आहे.