छोटी गाडी, मोठा मान

शहरात रोज फिरायला छोटी, स्वस्त विजेची मोटार हवी, ही मागणी भारतात जुनी आहे. ती मुख्यतः गप्पांत आढळते. बंगळुरूची दोन दारांची ‘रेवा’ २००१ मध्ये आली. कौतुक उदंड झाले, गिऱ्हाईक बेताचेच. २०२३ मध्ये तीन मीटरहून आखूड ‘कॉमेट’ सुमारे आठ लाखांना आली. ऑफिस, मंडई, शाळा एवढ्या फेऱ्यांना ती पुरते. शोरूममध्ये मात्र पहिला प्रश्न येतो, ‘एका चार्जमध्ये गोवा गाठेल का?’ पुढे सोसायटीची सभा चार्जिंग पॉइंटचा विषय पुढच्या सभेवर ढकलते. अखेर दारात डिझेलची एसयूव्ही येते आणि एकट्या माणसाला घेऊन सिग्नलला धूर सोडत उभी राहते. मागणी खरीच आहे. फक्त ती गाडी शेजाऱ्याने घ्यावी, असे प्रत्येकाला वाटते.