पिंट्याचं तोंड लाल का?

"तुला म्हणून सांगते, दर महिन्याला हा पिंट्या सुट्टी टाकून मुंबईला जातो आणि रात्रीच्या डहाणू लोकलने येतो तो तोंड लालबुंद करून. टोपी कपाळावर ओढलेली, रुमाल नाकापर्यंत. एकतर पितो, नाहीतर मार तरी खातो."

कुसुमकाकी कुंपणापलीकडे चिकू निवडत बसल्या होत्या. मोठे एकीकडे, बारीक एकीकडे. व्यापाऱ्याचा टेम्पो यायला अवकाश होता, म्हणजे मला सुटका नव्हती. आमच्या मेंदीच्या कुंपणात एक चांगली रुंद खाच पडलीय, ती गुरांनी पाडलेली नाही.

"पीत नाही हो तो. सुया टोचून घेतो."

"गर्दुल्ला?" काकींच्या हातातला चिकू थेट पायावर.

"अहो, तोंडावर! गालाला पुटकुळ्यांचे खड्डे पडलेत ना, त्याचा उपचार चाललाय."

काकींची थोडी निराशा झाली. व्यसन म्हटल्यावर आठवडा निघाला असता. पण त्या सहज हार मानणाऱ्यातल्या नाहीत. "तुला कसं कळलं एवढं?"

"आमच्या पल्लवीनेच नेलं त्याला पहिल्यांदा. ती फार्मसीला आहे ना मुंबईत. नायर हॉस्पिटलच्या त्वचा विभागात घेऊन गेली."

"अस्सं! म्हणजे मुलगी आहे म्हण की त्यात!"

"काकी, दर वर्षी राखी बांधते ती त्याला. तुमच्याच ओट्यावर बसून."

"हो, तेही खरंच," काकी म्हणाल्या, पण ते खरं त्यांना फारसं आवडलेलं दिसलं नाही. "पण मी म्हणते, मुलग्याला कशाला ही थेरं? नोकरी आहे, वाडी आहे. माझ्या सासूबाईंच्या तोंडावर देवीचे वण होते. नाकापासून हनुवटीपर्यंत. कोणी हूं की चूं केलं नाही."

तेव्हा घरटी एक तरी चेहरा तसा असायचा, म्हणून कोणी काही म्हणत नसेल. 1975 नंतर देशात देवीचा नवा रोगी राहिला नाही आणि चेहरे गुळगुळीत झाले, तशा माणसांच्या नजरा बारीक झाल्या. पिंट्याला बघायला आलेल्या एका पाहुण्याने चहा पिता पिता विचारलं होतं, "लहानपणी काही आजार वगैरे?" त्यानंतर तो पोरगा फोटोत कायम मागच्या रांगेत.

"मग सुयांनी काय होतं? आधीच भोकं, त्यात आणखी भोकं?"

"आधी तासभर बधिर करणारं मलम लावतात. मग बारीक सुयांचं यंत्र गालावरून फिरवतात. रक्ताचे ठिपके येतात. जखम झाली असं समजून कातडी नवा भराव तयार करायला घेते. म्हणून तर दोन-तीन दिवस लाल. एका वेळेत होत नाही, महिना-दीड महिन्याच्या अंतराने चार-सहा वेळा जावं लागतं आणि खरा फरक नंतर कित्येक महिने दिसत राहतो."

"आणि मग साफ?"

"साफ नाही. कमी. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आरसा पुसल्यासारखं करून देते म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस."

काकींना हे पटलं. निम्मंच मिळणार असं सांगणाऱ्यावर आमच्याकडे विश्वास लवकर बसतो.

मग मीही जरा फुशारले, पल्लवीने सांगितलेलं सगळं ओकून टाकलं. खड्डे एका जातीचे नसतात. काही सुई खुपसल्यासारखे अरुंद आणि खोल. त्यांच्या तळाशी काडीच्या टोकाने तीव्र अॅसिडचा एकच थेंब लावतात, जागच्या जागी पांढरं पडतं, खपली धरते. कोरियातल्या डॉक्टरांनी 2002 साली ही रीत मांडली. काही मात्र पसरट, आणि तिथली कातडी आतून तंतूंनी खाली ओढून धरलेली असते. "गादीला टाका घातला की तिथे खळगा पडतो ना? टाका कापला की कापूस वर येतो. तसं सुई आडवी आत सरकवून ते तंतू तोडतात. पिंट्याच्या उजव्या गालाला तेच केलंय. काळानिळा झाला होता तो त्यामुळे."

"तेव्हाच मी म्हटलं मार खाल्ला," काकी म्हणाल्या. स्वतःचं निरीक्षण चुकलं नाही याचं समाधान होतं त्यात.

"लेसर का नाही केलं? टीव्हीवर दाखवतात."

"करतात की. पण आपल्या सावळ्या कातडीला लेसर जरा जपून. भाजलं तर खड्डा भरेल आणि वर काळा डाग बसेल. त्यात हा सुट्टीला भर दुपारी किनाऱ्यावर क्रिकेट खेळणार. डॉक्टरांनी ते पहिलं बंद केलं. उन्हाचं मलम लावल्याशिवाय दाराबाहेर नाही."

काकी मघापासून काहीतरी गिळत होत्या. ते आता बाहेर आलं. "आमच्या भावाची मुलगी गं, घोलवडची. तिने मेडिकलमधून एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत काय उजळली! आता लावली नाही की तोंड पेटतं, हनुवटीवर लव आलीय, आणि पुटकुळ्या दुप्पट."

"स्टेरॉइडची असणार. 2018 पासून तसली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा सरकारी नियम आहे. पण दुकानात चिठ्ठी मागतो कोण? तिला एकदम बंद करू देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. तिला खड्डे आहेत की नुसते डाग?"

"ते कसं कळायचं?"

"डोळे मिटून गालावरून बोट फिरवायचं. बोटाला काही लागलं नाही तर डाग. तो ऊन टाळलं की सावकाश आपणहून फिका होतो. बोट अडखळलं तर खड्डा. तो कुठल्याही मलमाने बुजत नाही, मग लिंबू पिळा की साय चोळा. लिंबू तर नकोच, ते लावून उन्हात गेलं की आणखी काळं."

"तिने ऑनलाइन सुयांचं रोलरही मागवलंय. दोघी बहिणी वापरतात."

"एकच?" आता माझ्या हातातलं धुणं खाली पडलं. "रक्त लागलेल्या सुया आहेत त्या, काकी! आज फोन करा. आणि नव्या पुटकुळ्या येतायत तोवर सुया नाहीतच, आधी त्या थांबवायच्या. लग्न कधीय तिचं?"

"वैशाखात."

"म्हणजे तीन महिने. मग फार तर पुटकुळ्या आवरतील. खड्ड्यांचं लग्नानंतर बघू म्हणावं. आणि पुटकुळ्यांवर गोळ्या दिल्या तर डॉक्टरांना लग्नाचं आधी सांगायचं. त्यातली एक गोळी पोटातल्या बाळाला फार वाईट."

टेम्पोचा हॉर्न वाजला. काकी उठल्या, पदर खोचला, दोन पावलं गेल्या आणि परत खाचेपाशी आल्या. मान वळवून नाकाची डावी बाजू माझ्यापुढे धरली.

"हा बघ. कांजण्यांचा. मी दुसरीत होते तेव्हाचा. यावर चालतं का ते सुयांचं?"

"चालत असेल. दाखवावं लागेल."

"मग पिंट्या पुढच्या खेपेला कितीच्या गाडीने जातो ते विचारून ठेव," काकी कुजबुजल्या. "आणि कुणाजवळ बोलू नकोस हं. या गावाला तोंडं फार."