एक जादा चड्डी

निवृत्त एसटी कंडक्टरला घरात काहीतरी खातं द्यावं लागतं, नाहीतर तो आमटीत मीठ किती याची तपासणी सुरू करतो. आमच्या सौभाग्यवतीने दूरदृष्टीने मला बटणखातं दिलं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, बंदराकडून वर चढणाऱ्या गल्लीत ती राहत्या घरात पाळणाघर चालवते. पोरांचं खाणं, झोप, भांडणं आणि औषधं तिच्याकडे. बटणं, चेन, नाड्या, हूक आणि बुटांचे बंद माझ्याकडे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण शू आलेलं पोर आणि त्याची चड्डी यांच्यामध्ये ज्याला उभं राहावं लागतं, त्याला विचारा. पोर "काका, शू" म्हणतं ती पूर्वसूचना नसते. ते घडून गेलेल्या घटनेचं निवेदन असतं.

या खात्यात बसल्यापासून लहान मुलांच्या कपड्यांविषयी माझी मतं फार कडक झाली आहेत.

आमच्याकडे पोरं दोन खेपांत येतात. पहिली खेप बंदरावरची. बोटी लागल्या, लिलाव सुरू झाला की बायकांना टोपल्या घेऊन तिथे हजर राहावं लागतं. कुणाला मासळी विकायला बाजार गाठायचा असतो, कुणाला कोळंबी सोलायची असते. ही पोरं अंधारात, झोपेतच येतात. आईच्या खांद्यावरून बायकोच्या खांद्यावर त्यांची बदली होते ती त्यांना कळतही नाही. अंगात बापाचा जुना टीशर्ट असतो, गुडघ्याच्या खाली आलेला. "काकी, चड्डी घातलीय काय बघा गो त्याला, काळोखात मला दिसलंच नाय," असं म्हणत आई गल्ली उतरायला लागलेली असते.

दुसरी खेप नोकरदारांची, साडेनऊच्या सुमाराची. आई बँकेत किंवा शाळेत, वडील सरकारी कचेरीत. यातला दीड वर्षाचा इसम जीन्सची पँट, इन केलेला शर्ट, लेदरचा बेल्ट, बंदाचे बूट आणि काळा गॉगल अशा थाटात उतरतो. आमच्याच विभागाचा विभाग नियंत्रक अचानक भेटीला यायचा तेव्हा असाच दिसायचा. आजही बेल्ट दिसला की माझा हात आपोआप कॉलरकडे जातो.

आता दोन्ही पोशाख कामाच्या कसोटीवर पाहा. बापाचा टीशर्ट मोठ्या गळ्याचा, तो एका हाताने डोक्यावरून निघतो. त्यात हवा खेळते, त्यावर सांडलेलं त्यालाच पुसता येतं, आणि पोराला झोप आली की तेच पांघरूण होतं. पुष्कळदा तो निवडणुकीत फुकट वाटलेला असतो. एका पराभूत उमेदवाराच्या छातीभर पसरलेल्या हसऱ्या चेहऱ्यावर रोज वरणभात सांडताना मी पाहतो. इतकं जवळून जनतेच्या पोटाशी राहायची संधी निवडून आलेल्यालाही मिळाली नसेल. याच्या उलट ती जीन्स. आधी बेल्ट. मग पितळी बटण, जे काजात बसतं पण काजातून निघत नाही. मग चेन. आमच्या गावच्या हवेतच मीठ आहे. खिडकीचे गज, सायकलची साखळी, दाराची कडी, सगळ्यांचा इथे गंजच होतो. पुण्याच्या दुकानात झुळुकीसारखी सरकणारी चेन मिरकरवाड्यात पहिल्या पावसाळ्यानंतर निम्म्यावर अडते ती अडतेच. मी खोबरेल तेलाची वाटी घेऊन येईपर्यंत विषय संपलेला असतो, आणि फडकं बायको आणते.

मी एकदा त्या बेल्टवाल्याच्या आईला विचारलं, "ताई, याला बेल्ट कशाला?"

"पँट कमरेत सैल आहे ना काका. वाढत्या अंगाची घेतलीय."

वाढत्या अंगाची! महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल पहिली दहा वर्षं स्वतःच्या अंगाचे कपडे घालतच नाही. ते कायम दोन वर्षांनंतरच्या स्वतःचे कपडे घालून फिरतं, आणि कपडे अंगाला बसायला लागले की ते धाकट्याकडे जातात.

आमच्या खात्याला तसा थोर इतिहास आहे. मारिया मॉन्टेसरीबाईंनी ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांत लाकडी चौकटी होत्या. चौकटीवर कापडाचे दोन पदर, एकीला बटणं, दुसरीला हूक, तिसरीला बंद. पोराने बसावं आणि लावावं-काढावं. हीच विद्या ताराबाई मोडकांनी आपल्याकडे रुजवली. १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि परदेशी महागडी साधनं बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंवर त्यांनी आदिवासी पोरांचं शिक्षण उभं केलं. हे वाचून मला स्फुरण चढलं. आमच्या आसपासची वस्तू म्हणजे माझा खाकी शर्ट. मोठी बटणं, दोन खिसे, खिशांना झाकणं, झाकणांना पुन्हा बटणं. महामंडळाने नकळत बालशिक्षणासाठीच शिवलेला असावा. तो मी खुर्चीच्या पाठीला घातला आणि पोरांना मोकळा सोडला. तीन वर्षांची एक मुलगी आता वरपासून खालपर्यंत सगळी बटणं बिनचूक लावते. परिणाम असा की मी अधूनमधून खुर्चीसकट बंद केला जातो.

याच मुलीने मला एक गोष्ट दाखवून दिली. खाकी शर्ट सराईतपणे मिटवणारी ही बाई स्वतःच्या फ्रॉकपुढे हतबल होती, कारण फ्रॉकची चेन पाठीवर. पाठीवर चेन, पाठीवर हूक, पाठीवर बो: हे कपडे ज्याने बेतले त्याच्या डोळ्यांसमोर मुलगी नव्हती, तिच्या दिमतीला असलेली दासी होती. ते पद मिरकरवाड्यात सध्या मी भूषवतो.

सणासुदीनंतरचे आठवडे तर विचारू नका. ईद झाली की शेरवान्या येतात, गोपाळकाल्याला मोरपीस खोचलेले कृष्ण, गौरीगणपतीत तयार शिवलेलं धोतर आणि दोन वर्षांच्या पोरीला शिवलेली नऊवारी. सण संपतो, पोर कपडा सोडत नाही. भर उकाड्यात जरीची शेरवानी घालून एक गृहस्थ पंधरवडाभर पेजेला बसत होते. शिवलेल्या नऊवारीचं मला विशेष वाईट वाटतं. काष्टा घातलेली बाई डोक्यावर टोपली घेऊन ओल्या धक्क्यावरून तरातरा चालते, हे आम्ही रोज खिडकीतून पाहतो. इतका कामाचा पोशाख दुसरा नसेल. त्याच नऊवारीला पाठीमागून चेन लावली की तिच्यात पोरीला पायरी चढता येत नाही.

मी बरेच दिवस या थाटामाटाला हसत होतो. बायको हसत नव्हती. ती एकदा वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "बूट त्याच्या पायात असतात हो, पण ते आपल्याला दाखवायला घातलेले असतात." पोर दिवसभर दुसऱ्याच्या घरी सोडून जाताना आई दारात एक प्रशस्तिपत्र ठेवून जाते: बघा, याचं सगळं होतं आमच्याकडे, याला टाकलेलं नाही. इस्त्रीचा शर्ट म्हणजे त्या पत्रावरची सही. सासू म्हणालेली असते, शेजारीण म्हणालेली असते, आणि कुणी काही म्हणालेलं नसलं तरी तिच्या कानात ते असतंच. म्हणून मग सकाळी डबा, पाणी, बस या धांदलीत ती बंदाचे बूट बांधत बसते. बंदरावरच्या आईला हे पत्र लिहायची सवड नाही. तिची आईही अशीच कामाला गेली, आजीही. २०१७ च्या कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. धक्क्यावर राबणाऱ्या या बाया कुणाच्याच हजेरीपटावर नाहीत, म्हणून त्यांचं पाळणाघर म्हणजे आमची पडवी. पोराला भूक लागू नये, थंडी लागू नये, आणि मांजरं त्याच्यामागे लागू नयेत एवढंच त्यांना हवं असतं.

मांजरांचं खरं आहे. बंदराची मांजरं खानदानी असतात, साध्या दुधाला ती तोंड लावत नाहीत. पण एखाद्या फ्रॉकला बांगड्याचा वास राहिला की त्या मुलीमागून चार-पाच जणांची मिरवणूक आमच्या पायरीपर्यंत येते. एका फ्रॉकवरच्या चमचमत्या टिकल्यांचं मी तोंडभर कौतुक केलं होतं. बायकोने ती सगळी नक्षी नखाने खरवडून काढली. ती खवलं होती.

डागांच्या बाबतीत मात्र बंदर आणि बँक एकाच पातळीवर येतात, विशेषतः मे महिन्यात. आंब्याचा रस धुतला की जातो, फणसाचा चीक तेलाने सुटतो, जांभूळ निदान फिकट होतं. पण काजूचं बोंडू! बोंडूचा रस कपड्यावर पडला की तो कपडा गेला. त्या वेळी काही दिसत नाही, धुतल्यावर तपकिरी नकाशा उमटतो आणि पुढच्या तीन भावंडांना वारसाहक्काने मिळतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये पांढरा कपडा पाठवणाऱ्या पालकांना मी शौर्यपदक द्यायला तयार आहे.

मग येतो १ जून. माझ्या लेखी ही तारीख पवित्र, कारण १९४८ साली याच दिवशी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली. मिरकरवाड्यात मात्र १ जूनला सगळं थांबतं. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. बोटी शाकारल्या जातात, आणि पोरांना पोचवायला बाप येऊ लागतात. बापाने कपडे घातलेलं पोर लांबून ओळखू येतं: फ्रॉकचा गळा मागे, दोन्ही पाय पायजम्याच्या एकाच पायात. त्याचंही मला काही वाटत नाही. पण नाडी! उभं आयुष्य जाळ्याच्या गाठी मारलेला माणूस लेकाच्या चड्डीची नाडी बांधतो तेव्हा ती अरबी समुद्राच्या भरवशावर बांधतो. ती गाठ ओढली की आवळते आणि भिजली की आणखी आवळते, आणि ती भिजणार हे तर ठरलेलंच. एकदा मी कात्री घेऊन उभा असताना तो बाप छत्री विसरली म्हणून परत आला. "काका, कापू नका!" त्याने एक टोक चिमटीत धरून नुसता झटका दिला, सगळी गाठ उलगडली. तो गेला आणि मला ते कसब काही जमेना. तेव्हापासून इलॅस्टिकच्या बाजूने मी उघड प्रचार करतो.

गळ्यातल्या दोऱ्यांवर बायकोचा स्वतंत्र कायदा आहे. काळा दोरा असो, ताईत असो, टोपीची नाडी असो, झोपताना गळ्यात काही राहता कामा नये. अमेरिकेत मुलांच्या जॅकेटच्या गळ्यातल्या नाड्या काढा म्हणून सरकारी सूचना निघाली ती १९९६ मध्ये. हिने ती वाचलेली नाही. आया कुरकुरतात, दृष्ट लागेल म्हणतात. त्यावर तोडगा म्हणजे दोरे आणि ताईत पोराच्या पिशवीला शेजारी शेजारी टांगले जातात. दृष्ट लागलीच तर पिशवीला लागते, आणि आमच्याकडच्या पिशव्यांची अवस्था पाहता लागत असावी.

पावसाळ्याचा खरा प्रश्न कपडे कुठले हा नसून ते वाळलेले आहेत का हा असतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. जाड जीन्स आषाढात दोरीवर टाकली की श्रावणात ओलीच उतरते, वर बुरशीचे ठिपके. पातळ सुती झबली, मऊ चड्ड्या तेवढ्या तग धरतात. शेगडीवर टोपली उपडी घालायची, तिच्यावर कपडे पसरायचे, ही आमच्या आईच्या वेळची पद्धत बायकोने अजून चालू ठेवली आहे. तरी पुरत नाही. म्हणून दारावर मी माझ्या हाताने सूचना लावली: 'प्रत्येक पाल्यासोबत एक जादा चड्डी असणे बंधनकारक आहे. आज्ञेवरून.' कोणाच्या आज्ञेवरून ते लिहिलं नाही. सूचना सगळ्यांनी वाचली. चड्डी तिघांनी आणली.

उरलेल्यांसाठी ट्रंक आहे. माझी नोकरीतली पत्र्याची ट्रंक. तिच्यात कुणाच्या कधीच्या ते ठाऊक नसलेल्या चड्ड्या, झबली, टीशर्ट आहेत. भिजलेलं पोर ट्रंकेपाशी नेलं जातं आणि जे हाताला लागेल ते चढवून संध्याकाळी घरी जातं. बँकेचा मुलगा त्या पराभूत उमेदवारासकट घरी जातो. बोटीवाल्याच्या पोराच्या अंगावर इंग्रजी अक्षरांचा, काखेत घट्ट टीशर्ट चढतो. कपडे धुऊन परत येतात ते भलत्याच घरून. कुठली चड्डी कुठली, याचा हिशेब मी तिकिटांसारखा ठेवायचा प्रयत्न केला, पण या धंद्यात मार्गपत्रक काही जुळत नाही.

गेल्या महिन्यात बेल्टवाल्याच्या आई जरा लवकर आल्या. इकडेतिकडे पाहून बायकोला हळूच म्हणाल्या, "काकी, तो त्याला परवा घातलेला ढगळा टीशर्ट... तो विकत मिळेल का? घरी आल्यावर काढूच देत नाही. रडतो. झोपतोसुद्धा त्यातच."

"विकत कसला, घेऊन जा तुम्ही," बायको म्हणाली. "बदल्यात तो बेल्ट ठेवा. ट्रंकेची कडी गंजून तुटलीय, झाकण बांधायला काहीतरी हवंच होतं."