पलंगाखालच्या पाचशे प्रती

पुस्तक छापणं आता फार सोपं झालंय. डीटीपीवाला गल्लीत आहे, मुखपृष्ठ पुतण्या करून देतो, आयएसबीएन तर सरकार फुकट देतं. छापखानेवाला शंभर प्रतींचा भाव सांगतो, मग पाचशेचा सांगतो. दर प्रतीमागचा फरक ऐकून लेखक हिशेबात कधी नव्हे इतका हुशार होतो आणि ‘पाचशेच काढा’ म्हणतो. आठवडाभरात गठ्ठे घरी येतात आणि पलंगाखाली जातात. सौ. झाडू मारताना काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

मग प्रकाशन सोहळा. हॉलचं भाडं, शाल, श्रीफळ, बॅनर, निवेदिका, बटाटेवडा असा सगळा खर्च लेखकाचा. रंगीत कागदातली पुस्तकं व्यासपीठावर सोडली जातात, रिबनची गाठ कुणालाच सुटत नाही, शेवटी फोटोग्राफर दातांनी तोडतो. प्रमुख पाहुणे ‘पुस्तक चाळलं’ असं प्रामाणिकपणे सांगून स्वतःच्या पुस्तकावर चाळीस मिनिटं बोलतात. दाराशी एका टेबलावर भाचा बसलेला असतो. समोर पुस्तकांची चळत, क्यूआर कोड आणि ‘आज फक्त सवलतीत’ अशी पाटी. लोक पाटी वाचतात, भाच्याला ‘कितवीला रे तू?’ विचारतात आणि वड्याकडे वळतात.

त्यांचाही दोष नाही. त्यांना माहीत असतं की प्रत मिळणारच आहे. लेखक खिशात पेन घेऊन फिरत असतो. साडू दिसला, काढली प्रत. लिहिलं ‘सप्रेम भेट’. बँकेतले जुने साहेब दिसले, पुन्हा सप्रेम. ऑफिसातला मित्र हक्कानं म्हणतो, ‘एक दे ना, वाचून अभिप्राय कळवतो.’ वडापावच्या गाडीवर हाच माणूस ‘एक दे, चव कळवतो’ असं म्हणून बघेल का? खरी गंमत पुढे आहे. १९५४च्या कायद्यानं प्रकाशकानं कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना एकेक प्रत फुकट पाठवायची असते, आणि स्वतः छापलं की प्रकाशक आपणच. दोनशे प्रती सोयऱ्याधायऱ्यांत वाटणाऱ्याला नेमक्या याच चार आठवत नाहीत.

पुढचा मुक्काम साहित्य संमेलन. गाळ्याचं भाडं एकट्याला झेपत नाही म्हणून चौघे मिळून घेतात. तिथे लेखक विक्रीला उभा राहतो म्हणजे काय करतो? कुणी पुस्तक उचललं की त्याच्या चेहऱ्याकडे असा बघतो की बिचारा मागचा मजकूरही वाचू शकत नाही. ‘कशाबद्दल आहे?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘एकूण जीवनाबद्दल.’ किंमत विचारली की कानाची पाळी लाल. दोनशे चाळीस छापलंय, पण तुम्ही काय द्याल ते द्या, नाही दिलं तरी चालेल, घ्या! उरलेला वेळ शेजारच्या गाळ्यावरच्या कवीशी अदलाबदलीत जातो. तीन दिवसांनी पलंगाखाली परत तेवढीच पुस्तकं येतात. फक्त निम्मी दुसऱ्यांची.

यावर उपाय सांगणाऱ्यांची कमतरता नाही. रील करा म्हणतात, बुकमार्क वाटा म्हणतात. माझं मत विचाराल तर एकदा सहा डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, दादरला जा. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या गाळ्यांच्या रांगा लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेच्या गर्दीत उभ्यानं आलेली, रात्री मैदानातच पाठ टेकलेली माणसं तिथे पुस्तक उचलतात, पानं उलटतात, किंमत विचारतात आणि रोख मोजतात. चरित्रं, गाण्यांच्या पुस्तिका, कायद्याची माहिती, कॅलेंडरं. यातली कित्येक चोपडी लिहिणाऱ्यानंच पदरमोड करून छापलेली असतात आणि तोच खुल्या आवाजात भाव सांगत उभा असतो. कान लाल वगैरे काही नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवरही हेच. समीक्षक मात्र या ठिकाणी फारसे दिसत नाहीत. निमंत्रणपत्रिका येत नाही, त्याला ते तरी काय करणार!

तिथे जे पुस्तक ढिगानं जातं, त्याची कथा प्रत्येक पदरमोड लेखकानं ऐकावी. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’च्या छपाईला सुमारे वीस हजार रुपये लागणार होते आणि ते बाबासाहेबांच्या आवाक्याबाहेर होते. १४ सप्टेंबर १९५६ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून विचारलं की सरकार पाचशे प्रती विकत घेईल का? बुद्धजयंतीचं अडीच हजारावं वर्ष साजरं होत होतं, ग्रंथालयांना आणि येणाऱ्या विद्वानांना देता येतील. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती खपवायला पत्र लिहितो आणि आकडा स्वच्छ सांगतो! दुसऱ्याच दिवशी नेहरूंचं उत्तर आलं. प्रकाशनांसाठी ठेवलेला निधी संपलाय, पत्र बुद्धजयंती समितीचे अध्यक्ष राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो. जयंतीच्या सोहळ्यात पुस्तक विक्रीला ठेवावं, परदेशातून लोक येतील, चांगलं खपेल.

पुस्तक बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ साली आलं. नेहरूंचा सल्ला खराही ठरला. सोहळा तेवढा वेगळा निघाला, आणि गिऱ्हाईक परदेशातून नव्हे, वर्धा-परभणीहून आलं.

हे सगळं मी परवा एका गझलकारांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘पण तिथे माझ्या गझला कोण घेणार?’

‘इथे कोण घेतंय?’ मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर विचार केला, पिशवीत हात घातला, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारलं, ‘आडनाव काय म्हणालात आपलं?’