कवळी आणि भाकरी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या जिल्ह्यात कवळीची खरी परीक्षा दवाखान्यातल्या आरशापुढे होत नाही, ज्वारीच्या भाकरीपुढे होते. इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ असे ज्वारीचे वाण दिले. मोत्यासारखा टपोरा दाणा. हुरड्याच्या दिवसांत तो चावणार कोण, हा प्रश्न संशोधनाबाहेरचा.

२०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्म्यासोबत कवळीही आहे. म्हणजे चण्यांचं आपापलं बघा, दात सरकारी.

मात्र पूर्ण कवळीच्या चाव्याचा जोर नैसर्गिक दातांच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. खालची तर जिभेच्या धक्क्यानेही डुलते. पुढच्या दातांनी तुकडा तोडायला जावं, तर मागून उचलते. म्हणून डॉक्टर सांगतात: सुरुवातीला मऊ खा, घास लहान घ्या, दोन्ही बाजूंनी एकदम चावा. पंगतीतले सल्लागार वेगळे. ‘आबा, आता ऊस सोलून दाखवा!’

आबा हसतात. हसण्यापुरती कवळी झकास बसलेली असते. मग भाकरी निमूट वरणात कुस्करली जाते. तेवढ्यात शेंगदाण्याच्या चटणीचा एक कण कवळीखाली शिरतो, आणि आबा तोंडावर उपरणं धरून मोरीकडे निघतात.