दर दोन तासांनी नवी भाषा

झुरिक, २० ऑक्टोबर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

"एवढ्याशा देशात दहा दिवस काय बघितलंत?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर सांगायला गेले, तर बाबा मध्येच "जेवलात ना?" म्हणाले आणि विषय आमटीवर गेला. म्हणून हे पत्र.

देश एवढासाच, खरं आहे. महाराष्ट्रात सात वेळा मावेल. पण राष्ट्रभाषा चार: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. शाळेला ऑक्टोबरची सुट्टी लागली तेव्हा आम्ही ठरवलं, यंदा चारही मुलखांत जाऊन यायचं.

जर्मन तर घरचीच, असं मला वाटायचं. तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग केले, परीक्षा पास झाले, पेढे वाटले. मग कळलं, ती जर्मन इथले लोक लिहितात. बोलतात ती निराळीच. म्हणजे सदाशिव पेठेत मराठी शिकावं आणि थेट मालवणच्या बाजारात बांगड्यांचा भाव करायला उभं राहावं! चिरंजीवांना शाळेत ती बोली फाडफाड येते. मी दुकानात तोंड उघडलं की ते दोन पावलं लांब जाऊन शेल्फाकडे बघतात.

पहिला मुक्काम लोझान, फ्रेंच मुलूख. बोगद्यातून गाडी बाहेर पडली आणि खाली एकदम जिनिव्हा सरोवर, काठावर लावोचे द्राक्षमळे. दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारे, शेकडो वर्षांपूर्वी ख्रिस्ती मठवाल्यांनी सुरू केलेले. बाबा, आपल्या डोंगरउतारावरची भातखाचरंच, फक्त भाताऐवजी वाइन.

तुमच्या जावयांनी दोन महिने मोबाइलवर फ्रेंचचा अभ्यास केला होता. पक्कं वाक्य एकच, "आम्ही मांस-मासे खात नाही." ते त्यांनी हॉटेलात खोलीची किल्ली देणाऱ्या बाईंनाही म्हणून दाखवलं. बाई "बरं" म्हणाल्या. आकडे मात्र दगा देऊन गेले. फ्रान्सात ऐंशीला 'चार विसा' म्हणतात, अगदी आपल्या पणजीसारखं. जावई तेच घोकून गेले. आणि लोझानकर म्हणतात सरळ 'ऐंशी', त्यांच्या फ्रेंचमध्ये 'विताँत'. एवढा घोकलेला हिशोब फुकट गेला याचं दुःख त्यांना ऐंशी फ्रँक मोजण्यापेक्षा मोठं होतं.

मग एक रात्र घरी आलो. कारण इमारतीच्या धुण्याच्या खोलीत आमची पाळी होती. इथे ती पाळी चुकली तर पुन्हा कधी मिळेल ते देवालाही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी इटालियन मुलखाकडे. गॉटहार्डखालून २०१६ पासून ५७ किलोमीटरचा बोगदा आहे, पण त्यातून दिसतो फक्त काळोख. आम्ही मुद्दाम १८८२ च्या जुन्या घाटमार्गाने गेलो. वासेन गावाचं पांढरं चर्च आधी डोक्यावर दिसलं, मग खिडकीसमोर, मग पार खाली. गाडी डोंगराच्या पोटात गिरक्या घेत चढते ना! चिरंजीव म्हणाले, "या लोकांना चर्चचं एकच डिझाइन येतं का?" जावयांचे तोवर तिन्ही 'चर्चां'चे वेगवेगळे फोटो काढून झाले होते.

बेलिंझोनाला तीन किल्ले आहेत, पण मला आवडला तो गोंगाट. झुरिकला रविवारी काचेच्या बाटल्या टाकायलाही बंदी, आवाज होतो म्हणून. इथे बाजारात माणसं हातवारे करत बोलत होती, भाजलेल्या चेस्टनटचा वास सुटला होता. आम्ही पाच वर्षांत पहिल्यांदा रस्त्यात मोकळेपणाने भांडलो. जेवायला पोलेंता, म्हणजे मक्याच्या भरड्याचा घोटलेला उपमा. तुझी लसणाची चटणी पर्समध्ये होती, आई. पुढचं सांगत नाही.

शेवटी एंगाडीन खोऱ्यातलं गुआर्दा. स्टेशनवरून वर पोस्टाची पिवळी बस जाते. या बसचा घाटातला भोंगा तीन सुरांचा, रॉसिनीच्या 'विल्यम टेल'मधून घेतलेला. आंबेनळी घाटात आपली एस.टी. काय वाजवते ते आठवून मी एकटीच हसले. गावात घरांच्या गिलाव्यावर कोरलेली नक्षी, आणि भेटेल तो म्हणतो, "आलेग्रा!"

ही रोमान्श. बोलणारे साठ हजारांच्या आसपास, आपल्या साताऱ्यात त्याहून जास्त माणसं आहेत. १९३८ मध्ये मतदान घेऊन तिला राष्ट्रभाषा केलं. पण लिहायच्या तऱ्हा पाच. 'मी' हा शब्दसुद्धा पाच प्रकारे लिहितात. १९८२ मध्ये सगळ्यांसाठी एक प्रमाण भाषा बांधली, तिच्यात 'मी' सहाव्याच प्रकारे! बाबा, 'मी'वर तडजोड कोण करणार? तेव्हापासून खोऱ्याखोऱ्यांत वाद चालू आहे. मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

ज्या घरी उतरलो तिथल्या आजींचं जर्मन मला पहिल्या फटक्यात समजलं. त्याही शिकूनच बोलतात ना! म्हणाल्या, इथे शाळेचे पहिले वर्ग आमच्याच भाषेत असतात. मग चिरंजीवांकडे बघून विचारलं, "तुमची भाषा याला लिहिता येते?" मी म्हटलं, "छान बोलतो." त्या म्हणाल्या, "मी लिहिण्याचं विचारलं." आमची भाषा आठ कोटींची, असं सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

परतीच्या गाडीत पाटी नव्हती, म्हणून चॉकलेटच्या कागदामागे बाराखडी सुरू केली. खालच्या ओळी चिरंजीवांच्या. चुका काढू नका. बाबा, तुम्हीसुद्धा.

तुमची
छकुली (वय वर्षे एकेचाळीस)

ता. क.
आजि आजोबा, मि हे सवता लिहील. चर्च एकच होत. दिवाळित चकली पाठवा. मोडकी पन चालेल.