अण्णांचा काटा

तुमच्याही महाराष्ट्र मंडळात एक अण्णा असणारच. आमचे न्यू जर्सीत असतात आणि खिशात वजनकाटा बाळगतात. भारतात जाताना बॅगेला हुकाने लटकवायचा, तोच. विमानाच्या ५० पौंडांपायी तो प्रत्येकाच्या घरात असतो, पण बाराही महिने खिशात घेऊन हिंडणारा माणूस कधीतरी ट्रेलर घेणार, हे ठरलेलंच होतं.

ट्रेलर तरी कुठला? हायब्रिड. भिंती टणक, पण मुक्कामी पोचलं की टोकांचे पलंग कापडी तंबूसकट बाहेर उघडायचे. सगळाच टणक घ्यावा तर जड, नुसता तंबूवाला घ्यावा तर वहिनींना आत संडास-मोरी हवी. एक्सेलमध्ये वर्षभर काथ्याकूट झाला. डीलर म्हणाला, "तुमची गाडी ५,००० पौंड आरामात ओढते!" अण्णांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "आणि दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा स्टिकर कोण वाचणार?"

पुढचं व्याख्यान आम्हा सगळ्यांना पाठ आहे. छापील वजन रिकाम्या ट्रेलरचं, त्यात पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड. ट्रेलरच्या भरलेल्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. कमी पडला तर मागचं धूड हायवेवर डुलायला लागतं, आणि जेवढा येईल तेवढा गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर वाहू शकते त्या वजनातून, वजा. माणसंही त्यातच.

म्हणून कुकर काट्यावर. लोणच्याची बरणी काट्यावर, त्यातलं अर्धं लोणचं घरी. कोणी प्रेमाने पुरणपोळ्या दिल्या तरी आधी काटा, मग आभार. सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा वाकून नमस्कार केला आणि तसंच वाकल्या वाकल्या त्यांची बॅग उचलून पाहिली. "अठ्ठेचाळीस."

यलोस्टोनला मात्र काटा हरला. तिथल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर अस्वलांमुळे टणक भिंतींच्याच गाड्या चालतात, कापड नाही. अण्णांच्या एक्सेलमध्ये अस्वलाचा रकानाच नव्हता. गेटवरच्या मुलीला ते बराच वेळ समजावत होते की कापडामुळे वजन किती वाचतं.

शिवाय ओलं कापड मिटून ठेवलं की बुरशी. त्यामुळे पावसातून आले की ड्राइव्हवेत तंबू उघडा, आणि वहिनींनी अण्णांना घराबाहेर काढलं की काय, अशी शेजाऱ्यांना काळजी.

गेल्या वर्षी धाकटीही कॉलेजला गेली. पोरांच्या दोन सायकली ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर असायच्या, त्या उतरल्या. ट्रक स्टॉपच्या मोठ्या काट्यावर हिचवरचा भार कमी भरला, तेव्हा अण्णांनी पुढच्या खणात तांदळाच्या २० पौंडी पिशव्या ठेवल्या. "झाल्या दोन सायकली!" म्हणाले. वहिनी काही बोलल्या नाहीत. तो तांदूळ सहलीला जातो आणि न शिजता परत येतो.

परवा त्यांचा फोन आला. "लेबर डेला येता का दोघं? मागची सीट रिकामीच जाते हो. ३२० पौंड शिल्लक आहेत." मग जरा चाचरत, "वजनं किती तुमची?"

मी सांगितली. बायकोचं तिच्या खुणेबरहुकूम दहाने उतरवून.

पलीकडे बेरीज झाली. "वहिनींना म्हणावं, खरं सांगा. लागलं तर तांदूळ काढतो."